लेखकाचं तोंड बंद

पुनमच्या निबंधावर शेरे लिहायचे म्हणून लुंबिनीनं पेन्सिलीला चांगलं लांब टोक काढलं आणि मग ती पेन्सिलीचं दुसरं टोक चावत बसली. सकाळपासून हे असंच चाललं होतं. एकदा पाणी पिऊन आली. एकदा दारातल्या चपला उगाच सरळ करून आली. पंख्याखालची जागा सोडून खिडकीपाशी गेली, तिथं ऊन आलं म्हणून परत पंख्याखाली आली. शेवटी शेजारी बसलेला सिद्धराम वैतागला. "ताई, एका जागी बसा की. तुमच्यापायी माझा अख्खा इतिहास हालून राहिला."

लातुरात अभ्यास करणाऱ्यांचा तोटा नाही. डॉक्टर व्हायला आलेली पोरं एकीकडं, साहेब व्हायला आलेली दुसरीकडं, आणि दोघांना चहा पाजणारे मधोमध. औसा रोडच्या मागच्या गल्लीतल्या या अभ्यासिकेत साहेब व्हायला आलेलेच बसत. आयोगानं राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आणि या मंडळींची झोप उडाली. इतकी वर्षं गोल काळे करायची सवय, आता पानंच्या पानं लिहायची, वर निबंध. निबंध म्हटलं की बहुतेकांना शाळेतला 'माझा आवडता ऋतू' आठवायचा आणि घाम फुटायचा.

म्हणून आदिनाथनं टोळी जमवली. हा अहमदपूरचा. थोडे दिवस शाळेत शिकवून आलेला, त्यामुळं खडू हातात नसला तरी सगळ्यांना शिकवल्याशिवाय त्याला राहवत नसे. दर शनिवारी गच्चीवरच्या पत्र्याखाली बसायचं, आठवडाभर एकमेकांचे वाचलेले निबंध बाहेर काढायचे, आणि काय चुकलं ते सांगायचं. त्याचे नियम कडक होते. 'छान' हा शब्द लिहायचा नाही. लिहील त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. "छान म्हणून घेऊन कुणी तहसीलदार झालंय का?" उणीव दाखवायची ती प्रश्न विचारून. आणि सगळ्यात जड नियम असा, की वाचणारा बोलत असताना ज्याचा निबंध आहे त्यानं चकार शब्द काढायचा नाही. "परीक्षकाच्या घरी जाऊन सांगणार हाईस का, की सर, मला असं म्हणायचं होतं?" असं आदिनाथ विचारायचा. कुणी मध्येच तोंड उघडलं की बाकीचे एका सुरात ओरडायचे, "लेखकाचं तोंड बंद!"

लुंबिनीला हा नियम पुनमनंच सोसायला लावला होता. लुंबिनीचे निबंध म्हणजे घटनेची कलमं, थोरांची वचनं, आकडे आणि शेवटी 'चला तर मग आपण सारे'. पहिल्याच शनिवारी पुनमनं ते वाचलं आणि समासात एकच प्रश्न लिहिला, 'यात तू कुठं आहेस?' लुंबिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड बंद ठेवून ऐकताना तिला रडू फुटायचं बाकी होतं. पण खोलीवर जाऊन निबंध पुन्हा वाचला तेव्हा तिला कळलं की ही पोरगी खरं बोलली. तो निबंध कुणीही लिहिला असता. त्यानंतर दर आठवड्याला पुनम तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिली, आणि लुंबिनीच्या लिहिण्यात हळूहळू थोडं रक्त यायला लागलं. आजवर कुणी तिचं लिहिणं इतक्या मनावर घेऊन वाचलं नव्हतं. कॉलेजातल्या बाईंनी 'उत्तम' लिहिलं होतं आणि सही केली होती.

तर अशा पुनमचा निबंध समोर होता आणि लुंबिनीला त्यावर एक अक्षर लिहवत नव्हतं.

विषय होता 'परंपरा आणि समता'. निबंध देताना पुनम खुशीत होती. "हे बघ, यातला तिसरा परिच्छेद लई जीव लावून लिहिलाय. कुठल्याबी विषयात बसतोय हा प्रसंग. ग्रामविकास येऊ दे, बंधुता येऊ दे, मी परीक्षेत हाच टाकणार." तिला घरच्यांनी हे शेवटचं वर्ष दिलं होतं. या खेपेला यादीत नाव लागलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात लग्न, हे ठरल्यासारखंच होतं. पुनम त्याबद्दल हसतहसत बोलायची, आणि बोलताना बोटांची नखं खायची.

तिसरा परिच्छेद लुंबिनीला आता पाठ झाला होता.

'आमच्या भुईखेड्यात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होई आणि मग गावजेवण. पण पंगत बसण्याआधी माझे आजोबा एक काम कधी चुकवत नसत. भीमनगरातल्या घरांसाठी पहिला शिधा निघायचा. गव्हाचं पीठ, हरभऱ्याची डाळ, गूळ. गावाच्या तोंडी घास जाण्याआधी त्यांचा वाटा त्यांच्या दारात. लहानगी मी बैलगाडीत गुळाच्या ढेपेशेजारी बसून जायची. एका मुलीच्या ओंजळीत मी गुळाचा खडा टाकला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. समता हा शब्द मी पुढे पुस्तकात वाचला. अर्थ मला त्या गाडीतच कळला होता.'

लिहिलं होतं झकास. तीच तर पंचाईत होती.

लुंबिनी नांदेडची. वडील सरकारी नोकरीत, आई दवाखान्यात नर्स, घर शहरात. पण भुईखेडा हे तिचं आजोळ होतं. भुईखेड्याच्या भीमनगरात शेवटून दुसरं घर तिच्या आजोबांचं, व्यंकटरावांचं. हे तिनं पुनमला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या ओळखीत पुनम म्हणाली होती, "मी औशाकडची, भुईखेड्याची," आणि लुंबिनीच्या ओठांवर आलं होतं, अगं, माझं आजोळ. पण गाव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कुणाच्या घरची? तो प्रश्न तिला नको होता. नावावरून पुनमला काय कळायचं ते कळलंच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण नांदेडची लुंबिनी असणं निराळं आणि पुनमच्या आजोबांच्या गावातल्या भीमनगरातली नात असणं निराळं. लातुरात तिला नुसतं लुंबिनी होऊन राहायचं होतं, म्हणून ती गप्प बसली. एकदा गप्प बसल्यावर पुढं बोलायला तोंड राहत नाही.

आणि शिधा तिला आठवत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आजोळी होती. ज्योत्स्नामावशीनं तिच्या दोन वेण्या घातल्या, पिवळा फ्रॉक चढवला. शाळेच्या मैदानाकडून बुंदी तळल्याचा वास येत होता आणि माइकवर कुणीतरी सारखं म्हणत होतं, "चला पंगतीला, चला पंगतीला." लुंबिनी दारात उड्या मारत होती. आजी, आपण कधी जायचं? आजी म्हणाली, "आपलं हितंच येतंय." मग बैलगाडी आली. गाडीतून आजीच्या पदरात पीठ पडलं, डाळ पडली. गाडीतल्या एका गोऱ्या पोरीनं पोरांच्या ओंजळीत वरून गुळाचे खडे टाकले. तेव्हा लुंबिनीला कळलं की आपलं बोलावणं एवढंच होतं. बुंदी नाही, पंगत नाही, फ्रॉक उगाच घातला. तिचे डोळे भरून आले ते गुळानं नाही. आजोबा त्या दिवशी बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून होते. ते जेवले नाहीत. पोट दुखतंय, असं आजीनं सांगितलं.

निबंधातली मुलगी आपणच होतो की दुसरी कुणी, हे लुंबिनीला सांगता आलं नसतं. गल्लीतल्या सगळ्याच पोरी ओंजळ पसरून उभ्या होत्या. पण ओंजळ तिनंही पसरली होती.

दुपारी जेवायच्या सुट्टीत तिनं नांदेडला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी चांगली हाय का?"

"लई चांगली हाय."

"मग सोड की. तिला काय माहीत? लेकरू होती ती."

"आई, ती हे परीक्षेत लिहिणार हाय. पेपर तपासणारा आपल्यातला असला तर? निस्ता आपल्यातलाच कशाला, डोळे असलेला कुणीबी असला तर? तिचे मार्क जातील."

"मार्काची काळजी करून राहिलीस का स्वतःची?"

लुंबिनीनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. आई मोठी तयारीची बाई, सुई टोचायची जागा तिला बरोबर सापडायची. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "अन् हे बघ, तुझ्या आजोबाला यातलं काही विचारू नको. त्यांना तरास होतो." लुंबिनीला वाटलं, म्हातारपणामुळं म्हणत असेल.

मग तिनं जे कुणीही केलं असतं तेच केलं. समासात सोयीचे प्रश्न लिहिले. प्रस्तावना जरा लांब झाली का? हा शब्द दोनदा आला का? शेवट घाईत झाला का? तिसऱ्या परिच्छेदाजवळचा समास कोरा ठेवला. लिहून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी रात्रीचं जेवणही गेलं नाही. यात तू कुठं आहेस, असं आता तिला तिचंच मन विचारायला लागलं होतं.

शनिवारी गच्चीवर पत्रा तापलेला होता. चौघं गोल करून बसले. आदिनाथ, उदगीरचा सिद्धराम, पुनम आणि लुंबिनी. लुंबिनीनं आपले प्रश्न वाचून दाखवले. आवाज सपाट. पुनम नियमाप्रमाणे तोंडावर बोट ठेवून, पण डोळ्यांनी वाट बघत होती. जिथं जीव लावला होता त्या परिच्छेदाची.

"एवढंच?" आदिनाथनं विचारलं. "तिसऱ्या परिच्छेदावर काहीच न्हाई?"

"गुळाचा परिच्छेद ना?" सिद्धराम म्हणाला. "एक नंबर हाय तो. मी वाचला तवा अंगावर काटा आला बघा."

पुनमच्या चेहऱ्यावर लाली चढली. तिनं लुंबिनीकडं बघितलं, आता तू सांग अशा नजरेनं. आणि ती नजर इतकी निर्धास्त होती की लुंबिनीला सहन झाली नाही. ठरवलं एक आणि झालं भलतंच.

"मला प्रश्न हायेत," ती म्हणाली. "शिधा पंगतीच्या आधी का जायचा?"

पुनमनं भुवया उंचावल्या.

"भीमनगरातलं एक तरी माणूस कधी पंगतीत बसलेलं लेखिकेनं बघितलं का?"

"लुंबिनी, अगं—"

"लेखकाचं तोंड बंद," सिद्धराम सवयीनं ओरडला, आणि ओरडल्यावर त्याला कळलं की हे नेहमीचं नाही.

लुंबिनीला आता थांबता येत नव्हतं. "त्या मुलीचे डोळे कशानं भरून आले, हे तिला विचारलं का? गूळ तिच्या हातात ठेवला का वरून टाकला? निबंधात 'टाकला' लिहिलंय. बाकी सगळं सजवून लिहिलं, तेवढा शब्द खरा राहून गेला."

पुनम उठून उभी राहिली. नियम गेला उडत. "तुला काय माहीत गं? तू नांदेडची. माझे आजोबा कसे हायेत तुला काय माहीत? तू हुतीस का तिथं?"

"हुते," लुंबिनी म्हणाली. "माझं आजोळ भुईखेडा हाय. मी पिवळा फ्रॉक घालून दारात उभी हुते. पंगतीला जायचं म्हणून."

पत्रा तडतडत होता. आदिनाथनं घसा खाकरला. "पुनम, आता तू बोलू शकतीस," तो म्हणाला. बिचाऱ्याला नियमापलीकडं काही सुचलं नसावं. निबंधाची पानं तिथंच टाकून पुनम जिना उतरून गेली.

सिद्धरामनं लुंबिनीला चांगलंच फैलावर घेतलं. "खोलीवर सांगता येत नव्हतं? चारचौघात तिच्या आजोबाचं काढलं तुम्ही."

"अन् चारचौघात तुम्ही अंगावर काटा आणला तो?" लुंबिनी फणकारली. पण तिला माहीत होतं की तो बरोबर बोलतो आहे. बोलली त्यातला एक शब्दही तिला मागं घ्यायचा नव्हता. पण चोरासारखं गप्प बसून मग एकदम सगळ्यांसमोर अंगावर जाणं, हे तिला स्वतःलाच आवडलं नव्हतं. पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर? तर कदाचित तो निबंध जन्मालाच आला नसता. आणि पुनमही तिच्या वाट्याला आली नसती.

दुसऱ्या दिवशी पुनमची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्या दिवशीही. तिच्या खोलीवर चौकशी केली तर घरमालकीण सरजाबाई म्हणाल्या, "गावाकडं गेली की. डोळे सुजले हुते. काय झालं गं, भांडलाव काय दोघी?" लुंबिनीनं तिथूनच पुनमला फोन लावला. फोन उचलला जात नव्हता. मग तिला नवीच भीती लागली. पुनम गावाकडं गेली ती परत येईल का? घरचे टपूनच बसलेले. पोरगी रडत आली म्हटल्यावर वडील म्हणतील, राहू दे तो अभ्यास, पाहुणे बोलावतो. एका परिच्छेदासाठी आपण तिचं वर्ष घालवलं की काय, या विचारानं लुंबिनीचा जीव थाऱ्यावर राहिना. पुस्तक उघडायची, मिटायची. रस्त्यावर औशाकडून आलेली गाडी दिसली की उतरणारी माणसं बघत उभी राहायची.

असं सैरभैर हिंडून झाल्यावर एक दिवस ती मुकाट्यानं बसली आणि लिहायला लागली. कलमं नाहीत, आकडे नाहीत. 'माझं आजोळ भुईखेडा' एवढं लिहिल्यावर हात जो सुटला तो पिवळ्या फ्रॉकपर्यंत थांबला नाही. लिहून झाल्यावर तिनं पानं पिशवीत अगदी तळाशी ठेवली. वाचायला द्यावं असं एकच माणूस होतं आणि ते रुसून गेलं होतं.

पुनम आली ती शुक्रवारी, भर दुपारी. लुंबिनी गच्चीवर डबा खात होती. पुनम समोर येऊन बसली, डब्यातली भाकरी न विचारता मोडून घेतली आणि तशीच हातात धरून राहिली.

"तू खोटी हाईस हे दाखवायला गेले हुते मी," ती म्हणाली. "आजोबाला घेऊन येणार हुते हितं. म्हणलं, सांगा हिला."

"मग?"

"मग काय. आजोबाला विचारलं, शिधा आधी का पाठवत हुताव? शेषेरावांचं उत्तर तयार." ती आजोबांना नावानं म्हणाली, हे लुंबिनीच्या कानाला खटकलं. "म्हणले, आधी शिधा पोचला की माणसं पंगतीकडं येत न्हाईत. कुणाला उठवायची पाळी न्हाई, कुणाचं मन दुखायला नको. गोडीगुलाबीनं सप्ताह पार पडतो. असं सांगितलं, जसं काय पेरणीचं सांगून राहिलेत. लाज न्हाई, राग न्हाई, काहीच न्हाई. मला वाटलं हुतं चिडतील तरी."

लुंबिनीला वाटलं होतं तसं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "जाऊ दे. खा आधी."

"थांब, तोंड बंद ठेव. मला बोलू दे. मग मी धोंडाबाईकडं गेले, आजीकडं. म्हणलं, आजी, निदान मला तरी का बसवत हुते गं गाडीत? मला वाटायचं आजोबाचा माझ्यावर लई जीव, म्हणून नेत्यात." पुनमचा आवाज फाटला. "आजी म्हणली, त्याच्या आदल्या साली तुझ्या आजोबाचा शिधा परत आला हुता. भरल्या गाडीनिशी. भीमनगरातला एकजण आडवा उभा राहिला. म्हणला, पंगतीत बोलवायचं असंल तर बोलवा, न्हाईतर आमच्या घरी चूल हाय. गावात लई बोभाटा झाला. मग पुढच्या सालापासून तुला बसवलं गाडीत. लेकराच्या हातचं कोण परत करतंय?"

भाकरीचा तुकडा तिच्या मुठीत कुस्करला गेला होता.

"कोण आडवा उभा राहिला?" लुंबिनीनं विचारलं. पण बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस तोवर तिच्या डोळ्यांपुढं आलाच होता.

"व्यंकट म्हणून कुणी हुता. आजी तसंच म्हणली, व्यंकट."

"व्यंकटराव," लुंबिनी म्हणाली. "माझे आजोबा."

लुंबिनीला अभिमान वाटला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्या घरानं मुकाट्यानं पदर पसरला. आजोबांनी गाडी फिरवली होती, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कारण पुढच्या सालची गोष्ट त्यांना सांगायची नव्हती. गावाला धुडकावणारा माणूस एका पोरीपुढं हरला होता, आणि ती पोरगी समोर बसून भाकरी कुस्करत होती. तिच्यावर रागवावं म्हटलं तरी राग येईना. त्या गाडीत तिलाही गुळाच्या ढेपेसारखंच ठेवलं होतं.

पुनमनं पर्समधून घडी घातलेली पानं काढली. "तिसरा परिच्छेद बदललाय. उद्याची वाट बघवत न्हाई. आत्ताच वाच."

लुंबिनीनं वाचलं. शिधा होता, गाडी होती, आजोबांचं उत्तर होतं, आजीचंही होतं. सजावट कुठंच नव्हती. शेवट असा होता, 'गूळ मी तिच्या ओंजळीत वरून टाकला. हात लागू द्यायचा नाही असं मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. तरी मला ते येत होतं.'

लुंबिनीनं पेन्सिल हातात घेतली. तिनं पान गुडघ्यावर दाबून धरलं आणि समासात लिहिलं, 'शिधा परत करणारा माणूस अजून त्याच घरात आहे. त्याला कधी विचारणार?'

पुनमनं ते उलट्या बाजूनंच वाचलं. "मी गेले हुते," ती हळूच म्हणाली. "भीमनगराच्या तोंडापर्यंत गेले. पुढं पाय उचलला न्हाई. काय म्हणून जायचं? कुणाची म्हणून सांगायचं?" कुणाच्या घरची, हा प्रश्न आज तिलाही अडला होता. मग ती म्हणाली, "तू येशील संगं?"

लुंबिनीला हो म्हणायचं होतं आणि नाहीही म्हणायचं होतं. आजोबांच्या दारात हिला घेऊन जायचं म्हणजे काय, याचा तिला अंदाज येत नव्हता. कदाचित म्हातारा पुन्हा भिंतीकडं तोंड करेल. कदाचित गाडीतली पोरगी कुठली हे त्याला बरोबर आठवत असेल.

"लेखकाचं तोंड बंद," ती म्हणाली.

पुनम रडता रडता हसली. लुंबिनीनं पिशवीच्या तळातून आपली पानं काढली. ती तिनं पुनमपुढं धरली.

"आधी हे वाच. मग ठरवू, जायचं का, अन् कसं जायचं ते. अन् छान म्हणलीस तर बघ."

पुनमनं हात झाडून ओढणीला पुसले, पानं मांडीवर घेतली आणि पहिली ओळ वाचली, माझं आजोळ भुईखेडा. मग तिनं लुंबिनीच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. लुंबिनीनं तोंड बंद केलं.